चार बोटं उंच

खुर्चीची पुढची दोन लहान चाकं माझ्या पडवीच्या कडेला लागली तेव्हा मी रबरी नळी हातात धरून फरशी धूत होतो. आवाज मोठा नव्हता. कुणी बोटाच्या पेरानं दार वाजवावं एवढाच. तो रोज होत असे. सकाळी सव्वासातला ल्याओंच्या घरी देखभालीला ठेवलेली रुस्मिनी म्हाताऱ्या आमाला, म्हणजे त्या घरच्या आजीला, चाकांच्या खुर्चीत बसवून बागेकडे निघायची. ल्याओंचं घर आणि त्यापुढची दोन घरं एकाच वेळी बांधलेली, त्यांच्या पडव्या एका पातळीत, तिथवर खुर्ची सुरळीत यायची. मग माझं घर लागायचं. रुस्मिनी खुर्ची फिरवून पाठमोरी व्हायची, आधी स्वतः रस्त्यावर उतरायची, आणि मग आमाला मागच्या मोठ्या चाकांवर तोलत खाली घ्यायची, बाळाला न्हाणीत उतरवावं तसं. पुढं कोपऱ्यापर्यंत ती रस्त्यानंच जायची, कारण माझ्यापासून पुढं प्रत्येक घराची पडवी वेगळ्या उंचीची होती. आणि रस्त्याच्या कडेला स्कूटर लावलेल्या असत, म्हणून तिला वाहत्या गाड्यांमधून जावं लागे. हे मी दोन वर्षं रोज पाहत होतो. पाहत होतो म्हणजे, चाकांचा आवाज झाला की नळीचं तोंड दुसरीकडे वळवत होतो, त्यांच्या अंगावर पाणी उडू नये म्हणून. ह्याला मी मनातल्या मनात सभ्यपणा म्हणत असे.

त्या दिवशी ती उतरली, खुर्ची सरळ केली, आणि मागून आलेल्या एका स्कूटरचा आरसा खुर्चीच्या मुठीत अडकला. खुर्ची जागच्या जागी अर्धी फिरली आणि आमाचं तोंड माझ्याकडे झालं. चार पावलांवर होतं ते. तिनं दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे इतके घट्ट धरले होते की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि हे तिला नवं नव्हतं; रोज ह्या जागी ती असंच धरत असणार, मला फक्त आज समोरून दिसलं. रुस्मिनी गुडघ्यांवर पडली होती, पण खुर्ची तिनं सोडली नव्हती. ती गुडघ्यांवरच सरकत खुर्ची आणि रस्ता यांच्या मध्ये आली आणि तिनं एक हात वर केला. पंजा उघडा, बोटं पसरलेली. कचेऱ्यांच्या वेळेचा स्कूटरींचा लोंढा त्या हातापाशी येऊन फाटला आणि दोन्ही अंगांनी वाहू लागला. शंभर, दोनशे, किती कोण जाणे. पावणेपाच फुटांची बाई, डांबरावर गुडघे टेकलेली, आणि तिच्या पंजापुढं सगळं शहर वाट काढून देत होतं. पुस्तकांतून मी पुष्कळ चमत्कार वाचले आहेत. वाचताना अंगावर काटा आल्याचं मला आठवत नाही.

“मेल्या, डोळे उशीखाली विसरून आलास काय!” शेजारची न्याहारीवाली श्यूओ हातातल्या उलथन्यासकट बाहेर आली होती. स्कूटरवाला कमरेत वाकून वाकून माफी मागत होता. मग तो गेला. “आमाला लागलं का गं?” श्यूओनं विचारलं.

“कोपराला खरचटलंय,” रुस्मिनी म्हणाली. “आमा भ्यायली नाही. मीच भ्याले मेली.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “मास्तर, पाणी.”

नळी माझ्या हातातून खाली पडली होती आणि पाण्याचा ओहोळ पडवीवरून रस्त्यावर, त्यांच्या चाकांखालून वाहत होता. मी जाऊन नळ बंद केला. त्या सकाळी मी केलेलं एवढंच.

रुस्मिनी जावा बेटावरच्या कुठल्याशा भातशेतीच्या गावची. आमची बोली ती आमाकडून शिकली, त्यामुळं तिच्या तिशीतल्या तोंडी एक्याण्णव वर्षांच्या बाईचे शब्द असतात: ‘मेली’, ‘अगं बाई’, ‘काय हा जीवाला घोर’. आजकालच्या आमच्या पोरींना जे शब्द येत नाहीत ते तिला येतात. एकदा श्यूओच्या दुकानात तिच्या तोंडून मी माझ्या आईचा एक शब्द ऐकला, मासळीची पेज ढवळण्याच्या लाकडी पळीचा, आणि हातातला सोयाच्या दुधाचा पेला तसाच धरून उभा राहिलो. बोललो अर्थात काहीच नाही. बोलण्याच्या बाबतीत मी पहिल्यापासून असा. अडतीस वर्षं मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होतो. तिथं शांत बसणं हा नोकरीचाच भाग असल्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता पडवीबद्दल सांगायला हवं, आणि इथं मी स्वतःच्या बाजूनं बोलतो आहे की विरुद्ध, हे मला नीटसं कळत नाही. आमच्याकडे रांगेतल्या प्रत्येक घराचा वरचा मजला पुढं आलेला असतो आणि त्याच्या खाली, उन्हापावसातून जाण्यासाठी, घराच्या रुंदीएवढी पडवी असते. कागदावर ती घरमालकाची, चालायची सगळ्यांनी. पण घर बांधताना मालक आपली पडवी शेजाऱ्यापेक्षा चार बोटं वर घेतो. खालच्या पडवीत शेजाऱ्याचं पाणी येतं आणि पाण्याबरोबर त्याची पीडाही येते, असं मानतात. मग शेजारी घर दुरुस्त करतो तेव्हा तो आणखी चार बोटं वर जातो. पंधरा-वीस वर्षांनी पलीकडचा. अशी आमची रांग एकमेकांच्या धास्तीनं वरखाली होत गेली आहे आणि कुणालाही विचारलं तर तो म्हणेल, आम्ही फक्त चारच बोटं वाढवली.

आमची चार बोटं वडिलांनी वाढवली. मी अकरा वर्षांचा होतो. वादळानंतर घरात गुडघाभर पाणी आलं होतं. वडील मोझॅकची फरशी घालणारे कारागीर. शहरातल्या बँकेची, दवाखान्याची, दोन सिनेमागृहांची फरशी त्यांच्या हातची. स्वतःच्या घरात तोवर चोपलेल्या मातीचीच जमीन होती. पडवी करायची ठरली तेव्हा त्यांनी वर्षानुवर्षं पिशव्यांतून साठवलेली उरलीसुरली खडी बाहेर काढली: बँकेची काळी, दवाखान्याची पांढरी, सिनेमागृहाची गुलाबी, कुण्या श्रीमंताच्या न्हाणीघराची हिरवी. पितळी पट्ट्या बसवल्या, सिमेंटमध्ये खडी पेरली, आणि मग हातातल्या घोटदगडानं पाणी टाकत टाकत तीन दिवस उकिडवे बसून घोटत राहिले. पहिल्या दिवशी नुसता राखाडी चिखल दिसत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एके ठिकाणी पाणी ओतलं आणि त्याच्या खालून हिरवा रंग वर आला. मला आठवतं, मी श्वास रोखला होता. मधोमध त्यांनी एक कमळाचं पान काढलं आणि पानावर एक काळा बेडूक. बेडूक कशाला, म्हणून आईनं विचारलं तर म्हणाले, “खडी उरली.” त्रेसष्ट वर्षं ती फरशी मी रोज धुतो आहे. आधी वडिलांना मदत म्हणून, मग ते गेल्यावर त्यांच्या जागी. लग्न झालं, मुलगी झाली, बायको वारली, मुलगी तैपेईला गेली, ह्या सगळ्या सकाळी मी फरशी धुतली. ती ओली असताना बेडूक जिवंत दिसतो. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते वाटत नाही.

आणि ती फरशी फोडायची होती. पालिकेनं आमच्या रांगेतल्या पडव्या एका पातळीत करायचं ठरवलं होतं, मात्र संमतीच्या कागदावर सहीच्या जागी बावीसही मालकांच्या नावाचे शिक्के हवे होते. एक जरी कमी पडला तर ती रांग सोडून कारागीर दुसऱ्या गल्लीत जाणार.

“मास्तर, आहात ना घरात? फरशी ओली आहे, म्हणजे आहात.” वस्तीचे प्रमुख खू त्याच दिवशी दुपारी आले. पाठीवर स्वतःचं नाव छापलेलं हिरवं जाकीट ते उन्हाळ्यातही काढत नाहीत. “एकवीस झाले. बाविसावे तुम्ही.”

“शिक्का सापडत नाही,” मी म्हणालो.

“मागच्या महिन्यातही सापडत नव्हता. कोपऱ्यावरचा म्हातारा दहा मिनिटांत नवा कोरून देतो. मी आणू का जाऊन? तुमचं नाव येतं मला लिहायला.”

“प्रमुखसाहेब, शिक्का पुस्तकात ठेवलाय त्यांनी,” श्यूओ तव्यापासून ओरडली, “आणि पुस्तकं आहेत चार हजार. तुम्ही पुढच्या निवडणुकीला या.”

खू हसले, मग हसायचे थांबले. “शुक्रवारी संध्याकाळी कागद जातो मास्तर. मी जबरदस्ती करणार नाही. करताच येत नाही. पण सकाळचं ऐकलं मी.” ते माझ्या फरशीवर उभे होते आणि त्यांचा डावा बूट बेडकाच्या पाठीवर होता.

शिक्का टेबलाच्या वरच्या खणात होता. मी तो काढला, पाहिला, परत ठेवला. ‘आमा रस्त्यावरून जाते ती माझ्या एकट्यामुळं थोडीच, पुढं अठरा घरं आहेत,’ असं मी स्वतःशी म्हणालो. मग, ‘पण त्यांनी शिक्के दिले आहेत.’ मग, ‘त्यांच्या पडव्यांत फुटण्यासारखं आहे काय, बाजारच्या लाद्या.’ असा मी रात्री जेवेपर्यंत स्वतःशी बोलत होतो. एकांतात मला चांगलं बोलता येतं.

दुसऱ्या दिवशी सव्वासात वाजले आणि माझ्या हातानं आपोआप नळीचं तोंड वळवलं. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

“धाकट्या ल्याओनं बंदी घातलीय,” श्यूओनं अंड्याची पोळी माझ्या पुढ्यात ठेवता ठेवता सांगितलं. “पडव्या सपाट होईपर्यंत आईला बाहेर काढायचं नाही म्हणाला. आता तो बरोबरच म्हणतोय, आई आहे त्याची.”

“आणि रुस्मिनी?”

“ती कुठं जाणार? आमा जिथं, ती तिथं. चोवीस तास.” श्यूओनं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. “बागेतली तेवढी तासाभराची जत्रा होती तिची, तीही गेली. मास्तर, तुम्हाला बोलत नाही हं मी. तुमची फरशी आहे.”

ती मला बोलत होती. तिचंच बरोबर होतं, आणि तरी मला तिचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. घरी येऊन एक पुस्तक उघडलं. एकच पान मी दुपारपर्यंत वाचत होतो. ऐकू काहीच येत नव्हतं आणि मी ते ऐकत होतो. तीन घरं पलीकडे, वरच्या मजल्यावर, एक बाई आपली भाषा तोंडात धरून बसली आहे. चोवीस तास तिला दुसरीच्या भाषेत बोलायचं आहे. मला गप्प राहणं सोपं जातं कारण बोलायचं ठरवलं तर मला माणसं मिळतील. हा विचार मला आधी कधी आला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षं मी माझ्या गप्प बसण्याला गरिबीसारखं मानत आलो होतो.

गुरुवारी सकाळी पिशवीत सहा पेरू घेऊन मी ल्याओंच्या दारात गेलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून निघालो होतो: ‘जे झालं त्याबद्दल मला वाईट वाटतं.’ धाकटा ल्याओ कामावर गेला होता. आमा दारातच खुर्चीत बसली होती, पायांवर पांघरूण, केस नीट विंचरलेले, कुठंतरी जायला निघाल्यासारखी.

“हा मोझॅकवाल्याचा थोरला ना गं?” आमा रुस्मिनीला म्हणाली. “अजून बोलत नाही का हा?”

“मास्तर आहेत, आमा. पेरू आणलेत.” रुस्मिनीनं पिशवीत डोकावलं आणि खळखळून हसली. “अगं बाई! आमाला दात कुठायत, मास्तर?”

माझं पाठ केलेलं वाक्य गेलं. रुस्मिनीनं माझ्याकडे, मग रस्त्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम पालटला. तिला वाटलं मी न्यायलाच आलो आहे. “चला की मग! तुम्ही बरोबर असलात तर धाकटे साहेब काही म्हणायचे नाहीत. मास्तर म्हणजे मास्तर.” आणि मी ‘तसं नाही’ म्हणण्याच्या आत खुर्चीच्या मुठी माझ्या हातात होत्या. आयुष्यात मी ज्या थोड्या चांगल्या गोष्टी केल्या आहेत त्या बहुतेक नाही म्हणता न आल्यामुळं केल्या आहेत.

माझ्या घरापाशी तिनं मला वळायला शिकवलं. “पाठ करा. आधी तुम्ही उतरा. आता अंगावर घ्या तिला. घ्या, घ्या, काच नाहीये ती.” आमाचा भार मनगटांतून खांद्यांत आला, म्हातारं माणूस इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. आणि मग आम्ही रस्त्यावर होतो. मी ह्या रस्त्यावर जन्मलो, पण त्याच्या मधून कधी चाललो नव्हतो. उजवीकडे लावलेल्या स्कूटरींची भिंत, डावीकडे धावणाऱ्यांची, मधली वाट खुर्चीएवढी. प्रत्येक जाणारी गाडी हवा ओढून नेत होती आणि आमाच्या पांघरुणाचं टोक तिच्यामागं उडत होतं. बस आली. तिचं चाक आमाच्या डोक्याच्या उंचीचं होतं. मला ते तोवर कधी कळलं नव्हतं, बसचं चाक केवढं असतं ते. मी नेहमी वरून पाहिलं होतं, आणि खुर्चीतून ते दाराएवढं दिसत असणार. चाक हळूहळू पुढं गेलं, त्याचे बोल्ट, त्यांच्यावरचं वंगण, एकेक दिसत होतं. रुस्मिनी डाव्या अंगाला चालत होती, हात आडवा धरून, मधूनच वर करत, आणि त्या हाताकडे न पाहताच गाड्या वळत होत्या. ती काहीतरी गुणगुणत होती. मला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या वर काहीतरी होतं, देवळात पहिल्यांदा मोठी घंटा ऐकताना लहानपणी व्हायचं तसलं. रोज सकाळी, मी फरशी धूत असताना, पंधरा हातांवर हे घडत होतं.

बागेत वडाखाली खुर्च्यांचं कडं होतं. तीसेक असतील. मध्ये म्हातारी माणसं, काही झोपलेली, काही पाखरांकडे पाहणारी, एकाच्या मांडीवर रेडिओ. आणि बाहेरून त्यांना घेरून उभ्या असलेल्या, रुस्मिनीसारख्याच तिच्या मुलखातून देखभालीला आलेल्या बायका, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. रुस्मिनीला पाहताच त्यांनी आरडाओरडा केला. आणि मग मी तिच्या स्वतःच्या भाषेतला तिचा आवाज ऐकला. तो मला ठाऊक असलेला आवाज नव्हता. हा जाड होता, भरभर होता, हुकूम सोडणारा, नकला करणारा. तिनं बहुधा स्कूटरवाल्याची नक्कल केली, वाकून वाकून. मग खांदे पाडून, हात लोंबते सोडून, तोंड अर्धवट उघडं ठेवून कुणाची तरी. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि एकीनं चोरून माझ्याकडे पाहिलं. तो मी होतो. हुबेहूब होतो. मलाही हसू आलं, आणि ते आवाजासकट आलं. मी खुर्च्या मोजायला लागलो आणि सोडून दिल्या. ह्यांतली प्रत्येक कुठल्या ना कुठल्या गल्लीतून, कुणाच्या ना कुणाच्या चार बोटांवरून उतरून, त्या बसच्या चाकाशेजारून इथवर आली होती. रोज. कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आमा तेवढ्यात मान वर करून वडाकडे बघत होती, तोंड उघडं, आणि पानांतून पडलेली उन्हाची टिकली तिच्या गालावर हलत होती.

परतताना मी एकटाच ढकलत होतो. रुस्मिनी मागं श्यूओकडून पेज घ्यायला थांबली होती. कोपऱ्यापासून रस्त्यानं मी नीट आलो, हातही वर केला, गाड्याही वळल्या. घर दिसलं आणि मी चुकलो. सवयीनं, विचार न करता, जसा मी पायी वर चढतो तसा, सरळ माझ्या पडवीकडे वळलो. चाकं कडेला लागली. पेरानं दार वाजवावं एवढा आवाज बाहेरून येतो; आतून तो वेगळा आहे. तो मनगटांत शिरला, कोपरांतून दातांपर्यंत आला, आणि आमा पुढं फेकली गेली. मी तिचा खांदा धरला म्हणून ती राहिली. तिनं काही तक्रार केली नाही. दांडे आणखी घट्ट धरले आणि वाट पाहत राहिली, पुढं काय करायचं ते मला ठाऊक असेल म्हणून. खाली हिरवं पान होतं, वाळलेलं, निस्तेज. वडिलांनी हे पाणी अडवायला केलं होतं. मी तिथं उभा राहून किती वेळ त्या कडेकडे पाहिलं सांगता येत नाही. शेजारच्या पडवीपेक्षा ती चार बोटंच वर होती, मी बोटं लावून पाहिली.

शुक्रवारची वाट न पाहता मी खूंच्या दारात गेलो. “सापडला,” मी म्हणालो. “कुठल्या पुस्तकात?” त्यांनी विचारलं. मी लाल शाईत शिक्का बुडवला आणि जरा जास्तच दाबला. कागदावर माझं नाव फाटल्यासारखं उमटलं. “वाचता येतंय,” खू म्हणाले. “बास.”

कारागीर दोन आठवड्यांनी आले. यंत्राचा आवाज मला सहन होणार नाही असं वाटून मी आत बसणार होतो, पण बाहेर आलो. त्यांच्यात एक साठीचा माणूस होता. त्यानं यंत्र बंद करायला लावलं, उकिडवा बसला, हातानं धूळ झाडली, आणि बेडकावर थुंकी लावून अंगठा फिरवला. “हे कुणी घोटलंय?”

“वडिलांनी.”

“हाताचं काम आहे. यंत्राचं नाही.” तो पट्टीवरून बोट फिरवत गेला. “इथं घाई केलीय त्यांनी. पट्टी वाकडी आहे. आणि उतार आत काढलाय, घराकडं. पाणी दाराशी साचत असेल तुमच्या.”

साचत असे. त्रेसष्ट वर्षं मी ते झाडूनं बाहेर लोटत होतो, आणि सगळ्या घरांत तसंच असतं असं समजत होतो.

“बेडूक कापून काढून देऊ? निघेल अख्खा.”

“नको,” मी म्हणालो. का म्हणालो ते अजून कळलेलं नाही. पुढचे कित्येक दिवस तो ‘नको’ मला आठवत राहिला, आणि आजही आठवतो. तैपेईहून मुलगी फोनवर रडली. “बाबा, निदान फोटो तरी काढायचा,” म्हणाली. मला सुचलं नव्हतं. फरशीचा रंगीत थर अंगठ्याच्या नखाएवढाच जाड निघाला. त्याच्या खाली भराव होता: फुटक्या कपबश्या, कौलांचे तुकडे, शिंपल्या, एका बाहुलीचा पाय. चार बोटांची उंची ह्याची होती. दुपारपर्यंत सगळं ढिगाऱ्यात गेलं आणि उन्हात त्यातली हिरवी खडी तेवढी कुठं कुठं चमकत राहिली.

नवी पडवी खरखरीत आहे, राखाडी, पाय न घसरणारी, पहिल्या घरापासून बाविसाव्यापर्यंत एकच. तिच्यात पाहण्यासारखं काही नाही. पहिल्या सकाळी मी खुर्ची टाकून दारात बसलो, आणि तेव्हा ती माणसं यायला लागली. आधी एक म्हातारा, चार पायांची काठी पुढं टाकत. मग एक आई, जुळ्यांची गाडी घेऊन. मग पांढऱ्या काठीवाली एक तरुण बाई, काठीचं टोक भिंतीशी हलकं टेकवत, इतक्या वेगानं गेली की मी पाय आत घेतले. एक माणूस एका पायानं अधू, त्याच्यामागं त्याची बायको. दोघं भांडत होती, म्हणजे त्यांना पायांकडे लक्ष द्यावं लागत नव्हतं. मी त्यांच्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो. ही कुठून आली? मग कळलं की कुठूनही आली नव्हती, ती इथलीच होती, ह्याच रांगेच्या पुढच्यामागच्या गल्ल्यांतली. इतकी वर्षं ती माझ्यासमोरून, स्कूटरींच्या पलीकडून जात होती, किंवा घरात बसून होती. मी ह्या रस्त्याला शांत रस्ता म्हणत असे.

सव्वासातला रुस्मिनी आली. मी उठून उभा राहिलो. ती माझ्याशी काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. आमा दोन शब्द म्हणेल, फरशीबद्दल नाही तर माझ्या न बोलण्याबद्दल. मी एक वाक्यही तयार ठेवलं होतं. रुस्मिनी एका हातानं खुर्ची ढकलत होती आणि दुसऱ्या हातातली अंड्याची पोळी खात होती. माझ्यापाशी येताच तिनं पोळीचा हात ओठांवर नेला आणि मला गप्प राहायची खूण केली.

आमा झोपली होती. मान एका बाजूला कललेली, तोंड जरासं उघडं, दोन्ही तळवे मांडीवर उताणे, बोटं सैल. खुर्ची माझ्या दारावरून गेली. चार श्वास लागले असतील. मग श्यूओच्या दारावरून, मग त्यापुढच्या, मग छत्र्यांच्या दुकानावरून. मी भिंतीला हात टेकून पाहत उभा होतो. कोपऱ्यापर्यंत, बाविसाव्या घरापर्यंत, तिचं डोकं एकदाही हललं नाही.